आधी पोच, मंग पुढं

माझं नाव काशिनाथ रावजी भोये असं लिहा ताई, पन तिकडं डोंगरात मला कोनी काशिनाथ म्हनत नव्हतं, तिकडं मी थैलीवाला काशा, आन् माझ्या आधी माझा बाप थैलीवाला रावजी. गाव आमचं पेठच्या वरल्या अंगाला, घाट चढून गेलं की पाडा लागतो, दहा-बारा घरं, नागलीची आन् भाताची शेती, ती बी उतारावरची, बी फेकलं तर अर्धं खालच्या गड्याच्या रानात जाऊन पडायचं. तुम्ही नाशिक रोडच्या, तुम्हाला डोंगर म्हंजे पांडवलेनी. असू द्या. तुम्ही इचारलं ना, की पळायची शर्यत मोठी का ती तीन डावांची मोठी, कशानं जास्त काही केल्यासारखं वाटलं, तर सांगतो, पन ते असं मधूनच नाय सांगता येत, त्याला बापापासून यावं लागतं.

बाप टपालाची थैली वाहायचा. म्हंजे असं की पेठच्या पोस्टातून थैली घ्यायची, पाठीला बांधायची, हातात घुंगरं बांधलेली काठी, आन् घाट चढून चार कोस जायचं ते वरच्या कचेरीपर्यंत, तिथं आपली थैली द्यायची, तिथली घ्यायची, आन् परत चार कोस. रोज. आइतवार सोडला तर रोज. घुंगरं कशाला, तर जनावर बाजूला होतं आन् मानसाला कळतं की टपाल आलं. एकदा काय झालं, बापानं वरच्या कचेरीत थैली दिली, तिथला बाबू जेवायला बसला व्हता, तो म्हनला ठेव तिथं, पोच उद्या देतो. पोच म्हंजे चिठ्ठी, अमक्या वाजता थैली मिळाली आन् खाली सही. बाप भोळा, ठेवून आला. दुसऱ्या दिवशी थैली सापडेना, आन् बाबू म्हनला मला दिलीच नाय. तीन महिने बाप घरी बसला. गावात तोंडावर कोनी काय बोललं नाय, पन बोललं नाय म्हनून काय झालं, मानसाला कळतं ना. मंग थैली निघाली, तिथंच सरपनाच्या मागं घसरून पडली व्हती, बापाला परत कामावर घेतलं, पन तो त्याच्यानंतर कमीच बोलायचा. मला काठी दिली त्या दिवशी एवढंच बोलला. काशा, तुझे पाय चांगले हायत, त्याची मला काळजी नाय, पन ध्यानात ठेव, आधी पोच, मंग पुढं.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या दोन वर्सं आधी मी थैलीला लागलो. सातवी पास व्हतो आश्रमशाळेतून, पन नोकरी कच्ची, म्हंजे आज हाय तर हाय. लोकांना वाटतं थैलीवाला सगळी वाट पळतो. नाय पळत. चढ आला की भराभर चालायचं, सपाटी आली की पळायचं, उताराला पाय सोडून द्यायचे, आन् तोंड बंद ठेवायचं, नाकानं दम घ्यायचा. वाटेत नदी. उन्हाळ्यात गुडघ्याएवढी, पन आखाडात ती नदी म्हंजे काय सांगू तुम्हाला, लाल पानी आन् त्याच्यात झाडं वाहत यायची. तवा थैली एका हातात उचलून वर धरायची आन् दुसऱ्या हातानं पोहायचं. मी भिजलो तर वाळेन, कागद भिजला तर कोनाचा तरी निरोप गेला. अशी मी नऊ वर्सं काढली, आन् एक बी थैली भिजू दिली नाय, हे मात्र मी छाती ठोकून सांगतो, बाकी कशाचं नाय सांगत.

मंग घाटात सडक झाली. चांगलंच झालं, बायाबापड्यांना दवाखान्यात नेता यायला लागलं, पन लाल गाडी सुरू झाली आन् थैली गाडीत बसली. मानसानं वाहायची थैली बिनकामाची झाली. पेठच्या पोस्टात भामरे साहेब व्हते, सटान्याकडचे, त्यांची बोली अहिराणी, मानूस मोकळा. ते म्हनले काशा, दसऱ्यापासून तुझी वाट बंद. घरी जानकी, माझी बायको, दोन पोरं, आन् उतारावरची ती नागली. भामरे साहेबांनी जरा वेळ डोकं खाजवलं आन् टेबलावरचा एक कागद माझ्याकडं सरकवला. म्हनले, नाशिकात मॅराथॉन हाय, नाशिक रोडपासून गंगापूर धरनापर्यंत पळायचं आन् परत यायचं, बक्षीस द्यायला आपले मोठे साहेब येनार हायत, तू पहिला आलास तर मी त्यांच्या कानावर घालतो की हा मानूस कच्चा हाय त्याला शहरात पक्का करा.

मी इचारलं, साहेब, पन ही फक्त मराठ्यांची हाय का, आम्ही कोकना आदिवासी, आम्हाला घेतील का. मला ते मराठोन असंच ऐकू आलं व्हतं. भामरे साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. म्हनले, नाय रे भो, हाई ग्रीक लोकसनी शे, म्हंजे ही ग्रीक लोकांची हाय. मंग त्यांनी गोष्ट सांगितली, की तिकडं लई जुन्या काळी लढाई झाली, एक मानूस जिंकल्याचा निरोप घेऊन तेरा कोस पळत आला, निरोप दिला आन् जागेवर मेला. मला लय जवळचा वाटला तो मानूस. म्हनलं साहेब, म्हंजे तो बी आमच्यातलाच, थैलीवाला. आन् मरन्याआधी त्यानं पोच घेतली का? साहेब म्हनले जा बाबा तू, पळ.

शर्यतीच्या दिवशी सकाळी नाशिक रोडला ही गर्दी. कॉलेजातली पोरं, छावनीतले जवान, कोनी पांढऱ्या बुटात, कोनी जागच्या जागी उड्या मारतंय. मला कळेना हे आत्ताच दम का घालवत्यात. माझ्या छातीला कापड लावलं, चौतीस नंबर. बूट मला दिले व्हते कोनीतरी, ते मी काढून ठेवले, कारन बुटात मला रस्ता कळेना. शिट्टी झाली तशी सगळी सुटली, आन् मी आपला माझ्या रोजच्या चालीनं. नाशिक गाव येईपर्यंत माझ्या पुढं पन्नासेक जन असतील. गंगेच्या, म्हंजे गोदावरीच्या, काठाला लागलो आन् एक एक गडी भेटायला लागला, कोनी पोट धरून बसलाय, कोनी चालतोय. त्यांच्या जवळून जाताना मी रामराम करायचो, आमच्याकडं वाटेत भेटलेल्या मानसाला रामराम न करता पुढं जात नाय. त्यांना वाटायचं हा चिडवतोय. गंगापूरच्या रस्त्याला द्राक्षाच्या बागा लागल्या, बाया कामं सोडून बांधावर आल्या व्हत्या, आन् धरन दिसलं तवा माझ्या पुढं कोनी नव्हतं.

आता खरी गंमत. धरनाच्या भिंतीपाशी वेळ लिहिनारे एक सर बसलेले, छत्री लावून, पुढं टेबल, वही, हातात पेन्सिल. मी गेलो आन् उभा राहिलो. सर वहीत टिकली मारून म्हनले शाब्बास चौतीस, पहिला आलास, फीर मागं. मी म्हनलं पोच द्या. ते म्हनले काय? म्हनलं पोच, मी इथं किती वाजता आलो ते लिहून सही करा. ते म्हनले अरे मी वहीत लिहिलंय, तू जा, पळ. म्हनलं वही तुमच्याकडं राहनार, माझ्याकडं काय? त्यांना वाटलं उन्हानं माझं डोकं फिरलं, त्यांनी मला पानी दिलं. मी पानी पिलो आन् परत म्हनलं पोच द्या. ताई, मी हट्टी नाय, पन पायच उचलेना. नऊ वर्सांची सवय, आन् डोळ्यापुढं बाप, तीन महिने उंबऱ्यात बसलेला. सर हातानं हाकलत व्हते, जा रे बाबा जा, आन् तेवढ्यात छावनीतला एक जवान आला, मागं फिरायच्या खांबाला वळसा घालून निघून बी गेला. तवा सरांनी कपाळाला हात लावला, वहीचं पान फाडलं, लिहिलं नंबर चौतीस, इतके वाजून इतकी मिनिटं, पोचला, आन् खाली सही. ती चिठ्ठी मी टोपीत घातली आन् मंग पळालो.

कसा पळालो इचारू नका. जवान मला दिसत व्हता, पुढं, लांब, मंग जरा जवळ, मंग अजून जवळ. गाव ओलांडलं तवा त्याच्या मानेवरचा घाम दिसायला लागला. नाशिक रोडच्या मैदानात आम्ही शिरलो तवा आमच्यात चाळीस पावलं असतील. ती चाळीस पावलं काय तुटली नाय. दुसरा आलो. लोकांनी खांद्यावर घेतलं, कोनी गूळ खायला दिला, आन् तुम्ही म्हनता तसं काही केल्यासारखं वाटलं का, तर खरं सांगतो, नाय वाटलं. दीड दिवसाचं टपाल एका दिवसात पोचवलं, एवढंच झालं व्हतं, आन् पोटात एकच की नोकरी गेली. मी मैदानातल्या नळावर पाय धुवायला बसलो आन् पायांचाच राग आला, जरा लवकर का नाय उचलले म्हनून, पन त्यांचा काय दोष.

संध्याकाळी बक्षिसं. मोठे साहेब मधे बसलेले. छत्रीवाले सर बोलायला उठले आन् त्यांनी माईकवर सगळी गोष्ट सांगितली, की या गड्यानं मला पोच मागितली. मैदान फुटेस्तोवर हसलं. मी खाली मान घालून उभा, आन् भामरे साहेब पार मागं, तोंड लपवून. हसले नाय ते फक्त मोठे साहेब. त्यांनी मला जवळ बोलावलं आन् म्हनले दाखवा चिठ्ठी. मी टोपीतून काढून दिली, घामानं ओली झाली व्हती. त्यांनी ती वाचली, घडी घालून परत माझ्या हातात दिली आन् भामरे साहेबांना म्हनले, यांचे कागद माझ्याकडं पाठवा. मंग माझ्याकडं वळून म्हनले, नाशिक रोडला पोस्टमनची जागा निघेल, पन शहरात पोस्टमनला सायकल लागते, येते ना?

आन् ताई, ज्या मानसानं एका कागदासाठी पहिला नंबर घालवला, तो मानूस छाती पुढं काढून म्हनला, येते साहेब. चक्क खोटं. सायकलीला मी उभ्या जन्मात हात लावला नव्हता, आमच्या घाटात सायकल नेऊन काय तिला खांद्यावर घ्यायची?

कागद हलायला आठ महिने लागले. तोवर मी आन् जानकी ओझरकडं द्राक्षाच्या बागेत कामाला, आन् मंग नाशिक रोडला एका वसाहतीत खोली घेतली. शेजारी जाधव सिस्टर, दवाखान्यात नर्स, बौद्ध मंडळी, घरात एक सासू आन् ती, नवरा नोटांच्या प्रेसमधे पाळीला. सिस्टर रोज सायकलवर कामाला जायची, साडीचा पदर खोचून अशी ऐटीत. जानकीनंच तिला सांगितलं, की आमच्या मालकांनी साहेबाला थाप मारलीय, आता काय करावं. सिस्टर हसली नाय. म्हनली उद्या सहाला विहारापुढच्या मैदानात या.

चाळीशीला टेकलेला मी, मिशावाला, आन् ती बाई मागून सीट धरून चालवायची मला. पडलो किती, त्याला गनती नाय, म्हंजे गनती हाय, सिस्टरची सासू ओट्यावर मिश्री लावत बसायची आन् मोजायची, आज अकरा, आज आठ, आज पुन्हा अकरा. पोरं जमायची शाळेला जाताना. मला लय लाज वाटायची, जो घाटात मधे न थांबता जायचा त्याला सपाट मैदानात उभं राहता येईना. एक दिवस मी म्हनलं सिस्टर, सोडा, मी साहेबाला खरं सांगतो आन् गावाला जातो. तर ती मला म्हनली, भोये भाऊ, तुम्ही सायकलीला पळवायला बघता, तिला पळवायची नसते, तिला पळू द्यायचं, आन् चाकाकडं नका बघू, समोर त्या पिंपळाकडं बघा. मी पिंपळाकडं बघितलं. पिंपळ जवळ आला, आन् मागं बघतो तर सिस्टर पार लांब, कमरेवर हात ठेवून उभी. म्हातारी ओरडली, आज शून्य.

मोठ्या साहेबांपुढं परीक्षा झाली ती बी ऐका. फाटकापासून लिंबापर्यंत जायचं आन् यायचं. गेलो, आलो. साहेब म्हनले ठीक हाय, उतरा आता. म्हनलं उतरतो साहेब, आन् आनखी एक फेरी मारली, कारन उतरायचं शिकायचंच राहिलं व्हतं, रोज पडून नायतर पिंपळाला टेकूनच उतरायचो. साहेब म्हनले अहो उतरा. म्हनलं व्हय साहेब, आन् आनखी एक. शेवटी लिंबाला जाऊन टेकलो. साहेबांनी सही केली. त्या दिवशी मी पक्का झालो.

मंग दिवस चांगले गेले. खाकी कपडे, खात्याची सायकल, पुढं थैली अडकवलेली, आन् प्रेसच्या वसाहती, रेल्वेची घरं, सगळी दारं मला पाठ. कोनाच्या घरी लग्नाची बोलनी चाललीय, कोनाचा लेक बाहेरगावी रुसून बसलाय, पाकीट हातात आलं की मला अंदाज यायचा. पळनं सुटलं नाय, आइतवारी पहाटे देवळालीच्या रस्त्याला जाऊन यायचो, आनखी तीन वेळा ती शर्यत पळलो, एकदा पहिला बी आलो. हो, आलो की. कप हाय घरात, जानकी त्याच्यात मेथीदाने ठेवते. तवा बी तेच, बरं वाटलं, पन असं पोटातून नाय वाटलं. पाय बापाचे, आन् वाट रोजची, त्याच्यात माझं काय.

आन् मंग तीन-चार वर्सांपूर्वी ती तीन डावांची शर्यत निघाली. काही डॉक्टर-इंजिनेर मंडळींनी काढली. आधी धरनात पोहायचं, लगेच सायकलवर त्र्यंबकला जाऊन यायचं, आन् उतरलं की लगेच तीन कोस पळायचं, मधे थांबायचं नाय. त्याची पत्रकं माझ्याच थैलीतून वाटली गेली, एक जाधव सिस्टरच्या दवाखान्यात बी दिलं मी. तिनं ते वाचलं आन् परत माझ्याच हातात दिलं. म्हनली, भाऊ, पळनं तुमच्या वडलांचं, पोहनं तुमच्या नदीचं, सायकल माझी, जा की. म्हनलं सिस्टर मी पंचेचाळीसचा झालो. म्हनली मंग काय, पोरं जिंकतील, तुम्ही जा.

धरनाच्या काठावर गेलो तर सगळी पोरं, अंगाला तेल लावलेली, सायकली अशा बारीक चाकाच्या, वाकड्या हँडलच्या, फुंकर मारली तर उडतील. माझी खात्याची सायकल नव्हती, स्वतःची व्हती, पन तिच्याच वळनाची, स्टँड, कॅरेज, घंटी, सगळं सामान. पान्यात उतरलो, पोहायला लागलो, चांगला चाललो व्हतो असं मला वाटलं, तर नावेत बसलेला पोरगा ओरडायला लागला, मामा, हात का वर केलाय, बुडताय का? म्हनलं नाय रे. परत थोड्या वेळानं, मामा, हात खाली घ्या, आम्हाला वाटतं मदत मागताय. तवा माझ्या ध्यानात आलं. डावा हात माझा पान्याबाहेर, असा उभा, नऊ वर्सं थैली धरली तसा. त्याला खाली घेतला तरी दहा हातांवर गेलो की परत वर. ते काय सुटेना. एका हातानं धरन पोहलो मी ताई, आन् बाहेर आलो तवा काठावर फक्त माझी सायकल उरली व्हती.

त्र्यंबकच्या रस्त्याला वारा समोरून. पाच-सहा पोरं परतीला लागलेली भेटली, त्यांनी हात केला, मी घंटी वाजवली. तळेगावच्या पुढं चेन पडली, ती लावली, परत पडली. सिस्टरचं ध्यानात ठेवलं, चाकाकडं नाय बघायचं, पुढचं झाड बघायचं. असं एक झाड, मंग दुसरं झाड, करत त्र्यंबक गाठलं आन् परत आलो.

आन् उतरलो आन् पळायला गेलो तर पायच नाय. ताई, तुम्हाला खोटं वाटंल, माझ्या सगळ्या आयुष्यात पळनं मला कवा जड गेलं नव्हतं. ताप असला तरी पळायचो. आन् त्या दिवशी मांड्या अशा झाल्या की जात्याच्या तळी. पाऊल टाकलं की पाऊल कुठं पडलं ते कळेना. मला भीती वाटली, खरंच वाटली, की बापाचं दिलेलं गेलं. तीन कोस म्हंजे पूर्वी माझी न्याहारी. ते तीन कोस मी रडत, चालत, उभा राहत, पुन्हा चार पावलं पळत केले. बांधावर गुरं चारनारी एक म्हातारी म्हनली, बाबा, तुझ्या मागं कोनी लागलंय का? म्हनलं नाय आजी, मागं कोनीच नाय.

पोचलो तवा दुपार कलली व्हती. मांडव उतरवत व्हते. वेळ लिहिनारे गेले, डॉक्टर गेले, सुतळी गुंडाळून झाली व्हती, एक मांडववाला बांबू मोजत उभा. मला म्हनला मामा, कोन पायजे? म्हनलं मी शर्यतीतला. तो म्हनला शर्यत संपली. म्हनलं आत्ता संपली. त्याला ते कळलं नाय, पन मानूस चांगला, त्यानं उरलेली केळी दिली आन् मी तिथंच जमिनीवर बसलो. मी टेबल शोधलं नाय, सर शोधले नाय, कोनाला काय मागितलं नाय. मागावं असं वाटलंच नाय. केळं खाताना डोळ्यातून पानी यायला लागलं, आन् ते दुखलं म्हनून नव्हतं, सुखाचं व्हतं, एवढं सुख मला पक्का झालो तवा बी नव्हतं झालं. मांडववाला म्हनला मामा, बरं वाटत नाय का? म्हनलं लय बरं वाटतंय.

तर तुमच्या इचारन्याला माझं उत्तर हे. पळायची शर्यत म्हंजे दोघांचा संसार, एकाचा स्वभाव सांभाळला की निभतं. तीन डावांची म्हंजे सासू, नणंद आन् जाऊ एका चुलीवर, एकीला खूश केलं की दुसरी रुसली. पहिलीत मी कप आनला, दुसरीत काहीच नाय, कोनत्या वहीत माझं नाव बी नाय. पन पळनं मला आयतं मिळालं व्हतं, आन् त्या दिवशी ते मला कमवावं लागलं. म्हनून मला दुसरी मोठी वाटते. पळनारी पोरं वेगळं सांगतील, ती म्हनतील तेरा कोस एका दमात ते मोठं, त्यांचं त्यांना खरं, मी नाय भांडनार.

घरी गेलो, सायकल हातात धरूनच गेलो, बसवत नव्हतं. जानकीनं नागलीची भाकर आन् उडदाची डाळ करून ठेवली व्हती. ती शर्यतीला येत नाय, तिचं म्हननं, तू पळतो त्यात बघायचं काय, नऊ वर्सं बघितलंच की. पानी दिलं, पाय बघितले, आन् इचारलं, कितवा? म्हनलं शेवटचा. म्हनली तुझ्या मागं कोनी? म्हनलं कोनी नाय. पुढं किती? म्हनलं सगळे. ती भाकर मोडता मोडता म्हनली, मंग सगळ्यांना घरी पोचवून आलास म्हन की.

ताई, काठी हातात घेतली त्या दिवसापासून मी जे करत आलो ते मला कोनी असं एका वाक्यात सांगितलं नव्हतं.

आता काय, चाललंय. गुडघा बोलतो थंडीत, पन सायकल मऊ चालते. मोठा पोरगा प्रेसमधे लागला, धाकटा शिकतोय, त्याला पळायचा कंटाळा, त्याला म्हनतो नको पळू, पोट भरलेलं असताना पळायला वेगळं वेड लागतं. जाधव सिस्टरची सासू गेली, ओटा रिकामा दिसतो, तिथून जाताना मी अजून घंटी वाजवतो. आइतवारी पहाटे जातो देवळालीच्या रस्त्याला, तरनी पोरं भराभर पुढं जातात, जाऊ देतो. चहा घ्या ताई, गार झाला. आन् तुमचं हे लिहायचं काम बी लांब पल्ल्याचंच दिसतंय, तुम्हाला दम पुरो, आन् घरी वाट बघनारं मानूस असो.